चटईबाहेरचा योग शिकवणारा बारा आठवड्यांचा वर्ग: तीन महिन्यांनंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी मी बारा आठवड्यांच्या एका ऑनलाइन योगवर्गात नाव नोंदवले, तो पूर्ण केला आणि त्यानंतर तीन महिने उलटल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. मध्ये मुद्दाम वेळ जाऊ दिला, कारण वर्ग संपल्या दिवशी प्रत्येकाला आपण आमूलाग्र बदललो आहोत असे वाटत असते आणि त्या भरात लिहिलेल्या अभिप्रायांवर विसंबून मी यापूर्वी दोनदा फसले आहे. वर्गाचे नाव येथे देत नाही. पुढे एक तक्रार येणार आहे आणि तिची दुसरी बाजू मांडायला ती संस्था येथे हजर नाही, हे एक कारण. दुसरे असे, की या धाटणीचे वर्ग आता बरेच निघाले आहेत आणि मला त्या एका संस्थेपेक्षा त्यांच्या पद्धतीविषयी अधिक सांगायचे आहे.

पद्धत अशी आहे. आठवड्यातून तीन दिवस सकाळी एक तासाचा थेट वर्ग असतो. त्यात आसने आणि थोडा प्राणायाम होतो. रविवारी दीड तासाची ‘अनुभव-बैठक’ असते. शिवाय रोज रात्री ॲपमधल्या रोजनिशीत दिवसभरातला एक प्रसंग लिहायचा आणि त्यातून योगाचा कोणता धडा मिळाला हे नोंदवायचे. जाहिरातीचा सगळा भर या शेवटच्या गोष्टीवर आहे. आसने कोणीही शिकवील, आम्ही तुम्हाला रांगेत उभे असताना, भांडी घासताना, वाद घालताना योग शिकवू, असा त्यांचा दावा आहे. मी मुद्रितशोधनाचे काम करते, दिवसाचे सात-आठ तास मान खाली घालून बसते, आणि व्यायामासाठी वेगळा वेळ काढण्याचे माझे आजवरचे सगळे संकल्प दुसऱ्या आठवड्यातच ढेपाळलेले आहेत. जगता जगता योग होणार असेल तर तो आपल्याला हवाच आहे, असे वाटून मी पैसे भरले. त्या वाटण्यात आळसाचा वाटा मोठा होता, हे कबूल केले पाहिजे.

आधी आसनांच्या तासाविषयी सांगते, कारण वर्गाची खरी ताकद तेथे आहे आणि जाहिरातीत नेमका त्याचाच उल्लेख ओझरता आहे. शिक्षिका पन्नाशीच्या पुढच्या असाव्यात. पहिल्या दिवशी त्यांनी पाऊण तास आम्हाला फक्त उभे केले. ताडासनात उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि शरीराचा भार तळव्याच्या कोणत्या भागावर पडतो आहे ते पाहायचे, एवढेच. पहिली दहा मिनिटे मला हा वेळेचा अपव्यय वाटला. त्यानंतर लक्षात आले, की माझा भार डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर पडतो आहे आणि अंगठा जमिनीला जेमतेम टेकला आहे. माझ्या डाव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजते हे मला वर्षानुवर्षे माहीत होते. दर वेळी मी चपलेला दोष देत आले होते. त्या सकाळी चपला आणि पाऊल या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध पहिल्यांदा लागला, आणि तो कोणी सांगून लागलेला नव्हता.

त्याच तासाच्या शेवटी शिक्षिकांनी पतंजलींचे ‘स्थिरसुखमासनम्’ हे सूत्र सांगितले. योगसूत्रांची संख्या १९५ आहे, काही प्रतींत ती १९६ भरते, आणि त्यांतली केवळ तीन सूत्रे थेट आसनाविषयी आहेत. त्या तिन्हींत एकाही आसनाचे नाव नाही. स्थिर आणि सुखकर असेल ते आसन. ते साधते प्रयत्न सैल केल्याने आणि मन अनंताशी जोडल्याने. त्यामुळे शीत-उष्णासारख्या द्वंद्वांचा आघात होईनासा होतो. मला त्यांतले ‘प्रयत्नशैथिल्य’ नवीन होते. प्रयत्न सोडणे आणि प्रयत्न सैल करणे यांत फरक आहे; घट्ट आवळलेली मूठ आणि पेन धरण्यापुरती मिटलेली मूठ यांत असतो तसा. आसनांची नावे, त्यांचे तपशील आणि फायदे हे सगळे हठयोगाच्या ग्रंथांतून पुढे आले. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत शिवाने चौऱ्याऐंशी आसने सांगितल्याचा उल्लेख करून त्यांतल्या पंधरांचे वर्णन केलेले आहे. हा ऐतिहासिक क्रम शिक्षिकांनी नीट सांगितला. योग पाच हजार वर्षांपूर्वी जसा होता तसाच आम्ही शिकवतो, असली विधाने त्यांनी एकदाही केली नाहीत, आणि माझ्या लेखी ही मोठी जमेची बाजू आहे.

उणीवही सांगितली पाहिजे. वर्गात आम्ही चाळीसच्या आसपास माणसे होतो आणि पडद्यावर प्रत्येकाचा चौकोन काडेपेटीएवढा दिसत असे. वृक्षासनात मी तळपाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला बाजूने टेकवत होते. गुडघा पुढे-मागे वाकण्यासाठी आहे, बाजूने येणारा दाब त्याला मानवत नाही. पाऊल त्याच्या वर मांडीला लावावे किंवा खाली पोटरीला. ही चूक मी दोन आठवडे करत होते आणि ती कोणाच्याही लक्षात आली नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येऊ लागल्यावर मीच विचारले, तेव्हा ती दुरुस्त झाली. ज्यांना सांध्यांचा जुना त्रास आहे त्यांनी निदान पहिले काही महिने समोरासमोर शिकवणाऱ्या कोणाकडे जावे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आता रोजनिशी. ॲपमध्ये तिचे दोन रकाने आहेत, ‘प्रसंग’ आणि ‘धडा’, आणि दुसरा भरल्याशिवाय नोंद जतन होत नाही. ही किरकोळ तांत्रिक बाब वाटेल, परंतु वर्गातल्या निम्म्या दोषांचे मूळ मला या सक्तीत दिसते. दिवसभरात काही घडले असो वा नसो, रात्री दहा वाजता धडा हजर करावा लागतो; मग माणूस तो तयार करतो. माझ्या पहिल्या आठवड्याच्या नोंदी आज वाचवत नाहीत. हातून कप फुटला, तर त्याने मला अनित्यता शिकवली. लिफ्ट बंद पडली, तर तिने संयम शिकवला. शेजारच्यांनी रात्री उशिरापर्यंत मोठ्याने गाणी लावली, तर त्यांनी मला समत्व शिकवले. प्रत्यक्षात कप फुटला तेव्हा मी स्वतःलाच दोन शब्द सुनावले होते, लिफ्ट बंद पडल्यावर देखभाल करणाऱ्याला फोनवर झापले होते आणि गाण्यांच्या बाबतीत तर मी भिंतीवर मूठ आपटली होती. व्यवसायाने मी इतरांच्या लेखनातली खोटी वाक्ये पेन्सिलीने अधोरेखित करते. स्वतःची सात पाने एकगठ्ठा खोटी निघाली.

शिक्षिका या नोंदी खरोखर वाचत असत, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळले. कपाच्या नोंदीखाली त्यांचा एका ओळीचा शेरा होता: यात तुमचे शरीर कोठे होते? पुढच्या तासाला त्यांनी हा मुद्दा सर्वांसाठी उलगडून सांगितला. प्रसंग लिहा, त्या वेळी श्वास कसा होता ते लिहा, जबडा, खांदे, हात, पोट यांपैकी काय आवळलेले होते ते लिहा, आणि नंतर तुम्ही काय केलेत ते लिहा. धडा सुचला नाही तर त्या रकान्यात नुसती आडवी रेघ ओढा, ॲप ती स्वीकारते. त्या दिवसापासून माझ्या रोजनिशीत रेघांची संख्या वाढत गेली आणि डावीकडचा रकाना प्रथमच वाचण्यासारखा झाला.

त्यातली एक नोंद सविस्तर सांगण्याजोगी आहे. सदऱ्याचे तुटलेले बटण लावण्यासाठी मी खिडकीशी सुईत दोरा ओवत होते. दोऱ्याचे टोक ओठांनी ओले करून पिळले, सुई उजेडाकडे धरली, आणि टोक नेढ्याशी नेले की ते ऐनवेळी बाजूला सरकायचे. तीन वेळा असे झाले. चौथ्या वेळी, केवळ रात्री लिहायचे आहे म्हणून, मी स्वतःकडे पाहिले. श्वास पूर्ण रोखलेला होता. खांदे कानांपर्यंत चढलेले होते. जीभ वरच्या दातांवर इतकी दाबली होती, की नंतर तिच्यावर वळ जाणवत होता. इंचभर लांबीच्या सुईसाठी माझे सारे अंग एखादे कपाट ढकलावे तसे कामाला लागले होते. मी हात खाली घेतले, सावकाश श्वास सोडला, आणि सोडून झाल्यावर पुढचा श्वास आत येण्यापूर्वी जो लहानसा विराम असतो त्यात दोरा पुढे नेला. तो गेला. पाचव्या खेपेला तो एरवीही गेला असता, ही शक्यता मी नाकारत नाही.

परंतु त्या विरामात हात अधिक स्थिर असतो, यात गूढ काही नाही. नेमबाज बंदुकीचा चाप ओढण्यासाठी तोच क्षण निवडतात. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना किंचित कमी होते, हे नाडीवर बोट ठेवून बसले तर अनेकांना स्वतःला जाणवते. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. प्राणायामाच्या तासात शिक्षिका आम्हाला सहाच्या जवळपास आणत आणि तेही मोजणीचा ताण न देता, श्वास सोडणे थोडे थोडे लांबवत. हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, ‘चले वाते चलं चित्तम्’ असे म्हटले आहे: वायू हलला की चित्त हलते, तो निश्चल झाला की तेही निश्चल होते. हे वचन मी यापूर्वी अनेकदा वाचले होते आणि दर वेळी चांगले वाक्य म्हणून पुढे गेले होते. त्याचा अर्थ मला सुईच्या नेढ्याशी कळला.

यानंतर मला एक वेगळाच छंद लागला. आपल्या भाषेत या नोंदी आधीच करून ठेवलेल्या आहेत. आपण श्वास रोखून वाट पाहतो, दातओठ खाऊन बोलतो, कपाळाला आठ्या घालतो, जीव मुठीत धरून चालतो, पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते आणि संकट टळले की सुटकेचा निःश्वास टाकतो. मुद्रिते वाचताना असे वाक्प्रचार मी शेकड्यांनी पाहिलेले आहेत. ते शरीराचे तंतोतंत वर्णन आहे हे कधी लक्षात घेतले नव्हते. दातओठ खाणे म्हणजे काय, ते एका घट्ट बसलेल्या बरणीचे झाकण उघडताना मी पाहिले. झाकणाला जोर लागतो मनगटाचा आणि पंजाचा; माझा निम्मा जोर जबड्यात खर्ची पडत होता. जबडा सैल सोडून पुन्हा फिरवले, तरी झाकण उघडले नाही. शेवटी गरम पाण्याखाली धरावे लागले. त्या रात्री उजव्या रकान्यात रेघ.

शिक्षिकांनी दिलेला आणखी एक उपक्रम उपयुक्त निघाला. मोजे किंवा पायजमा घालताना बसायचे नाही, एका पायावर उभे राहून घालायचे. तोल सांभाळण्याचे काम डोळे, आतला कान आणि पायांच्या स्नायू-सांध्यांतून येणाऱ्या संवेदना मिळून करतात, म्हणून नजर एका बिंदूवर ठेवली की तोल सावरतो आणि डोळे मिटले की काही क्षणांत डगमगतो. मोजा घालताना नजर अपरिहार्यपणे खाली पायाकडे जाते, त्यामुळे हे वृक्षासनापेक्षा अवघड आहे. वयस्कांनी हे भिंतीजवळच करावे, अशी सूचना त्यांनी न विसरता दिली. मी पहिल्या आठवड्यात पलंगावर चार वेळा कोसळले. आता कोसळत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकते; बारा आठवड्यांतल्या प्रगतीचा मोजता येईल असा पुरावा माझ्याकडे हा एकच आहे.

रविवारच्या बैठकीविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे. ती शिक्षिका घेत नसत, संस्थेचे एक संचालक घेत. प्रत्येकाने आठवड्यातला एक अनुभव सांगायचा आणि बाकीच्यांनी त्यातला योग ‘शोधून द्यायचा’, असे तिचे स्वरूप होते. पहिल्या दोन बैठका करमणुकीच्या झाल्या. कोणाला पंक्चर झालेल्या टायरमध्ये प्राणायाम सापडला, कोणाला विसरलेल्या पासवर्डमध्ये अपरिग्रह. पुढे या शोधण्याला स्पर्धेचे रूप आले आणि जो अधिक लांबचा संबंध जोडील त्याला अधिक टाळ्या मिळू लागल्या. यमनियमांची, म्हणजे योगातल्या आचारनियमांची, दहा नावे संचालकांनी एका बैठकीत पाऊण तासात उरकली. अस्तेय आणि अपरिग्रह यांतला भेद विचारला, तेव्हा दोन्ही एकच समजा, असे उत्तर मिळाले. दुसऱ्याचे न घेणे आणि गरजेपेक्षा अधिक न साठवणे या दोन गोष्टी एक कशा होतील, हे मला अजून समजलेले नाही.

पाचव्या बैठकीत जे झाले ते गंभीर होते. एका सहभागी बाईंनी सांगितले, की त्यांचे वडील काही महिन्यांपासून अंथरुणाला खिळून आहेत, रात्री दोनदा-तीनदा उठावे लागते, आणि काल पहिल्यांदा त्या वडिलांवर ओरडल्या. त्यांचा आवाज कापत होता. क्षणभर शांतता झाली आणि मग नेहमीप्रमाणे योग शोधून देणे सुरू झाले. वडिलांच्या रूपाने तुम्हाला तपाची संधी मिळाली आहे, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने संतोष सुचवला. संचालकांनी ‘उपेक्षा’ हा शब्द वापरून स्वतःच्या रागाकडे दुर्लक्ष करावे, असा समारोप केला. बाईंनी कॅमेरा बंद केला आणि पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. रात्रीची झोप मिळावी म्हणून आठवड्यातले दोन दिवस कोणी मदतीला येऊ शकेल का, हे त्यांना आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. त्या ‘कोणीही’मध्ये मीही आहे.

संचालकांचा तो समारोप शास्त्राच्या दृष्टीनेही चुकलेला होता. ज्या सूत्रातून हा शब्द घेतला, त्यात चित्त प्रसन्न राहण्यासाठी चार भावना सांगितल्या आहेत: सुखी माणसांविषयी मैत्री, दुःखी माणसांविषयी करुणा, पुण्यवानांविषयी मुदिता म्हणजे आनंद आणि अपुण्याविषयी उपेक्षा. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड, दुर्लक्ष. सूत्रातली उपेक्षा आहे ती दुसऱ्याच्या दुष्कृत्याने स्वतः न ढवळण्याची तटस्थता. समोर दुःखी माणूस असेल तर सूत्राने सांगितलेली गोष्ट करुणा आहे, आणि ती त्या यादीत उपेक्षेच्या दोन पायऱ्या आधी आलेली आहे. शिवाय पतंजलींनी योगातले जे नऊ अंतराय मोजले आहेत त्यांत पहिला आहे व्याधी. आजारपणाला त्यांनी अडथळा म्हटले आहे, संधी म्हटलेले नाही. त्या अडथळ्यांबरोबर काय काय येते, तेही लगेचच्या सूत्रात आहे: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि विस्कळीत श्वास. बाईंच्या आवाजातला कंप आम्हा सर्वांना ऐकू आला होता आणि आम्ही त्यांना त्यावर संतोष सुचवत होतो. ‘हेयं दुःखमनागतम्’, जे दुःख अजून आलेले नाही ते टाळावे, असेही एक सूत्र आहे. त्याचा अर्थ त्यांच्या बाबतीत रात्रीच्या पाळीला माणूस ठेवणे असाही होऊ शकला असता.

शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून एक निरीक्षण नोंदवते. योगाची परिभाषा मराठी माणसाला परकी वाटत नाही आणि त्यामुळेच ती त्याला चकवते. अभ्यास म्हणजे आपल्याकडे शाळेचा गृहपाठ; सूत्रात चित्त स्थिर राहावे म्हणून केलेला यत्न. प्रमाद म्हणजे आपल्याकडे चूक; सूत्रातल्या अंतरायांत तो बेसावधपणा. ॲपने तर यावर कळस केला. अभ्यास दृढ होण्यासाठी तो दीर्घकाळ, खंड न पाडता आणि सत्कारपूर्वक करावा, असे सूत्र आहे. ॲपवर हे सूत्र सुबक अक्षरांत झळकते आणि खाली तुमच्या सलग दिवसांची साखळी मोजलेली असते. सात दिवस झाले की कांस्यपदक, तीस झाले की रौप्य, आणि प्रत्येक पदकाबरोबर पडद्यावर रंगीत कागदांचा वर्षाव. सूत्रातला सत्कार म्हणजे आदर, आस्था. ॲप बनवणाऱ्यांनी तो समारंभातला सत्कार समजून घेतलेला दिसतो. तेविसाव्या दिवशी मला ताप होता. तरीही साखळी तुटू नये म्हणून मी अंथरुणातूनच ‘आज विश्रांतीने धडा दिला’ असे लिहून मोकळी झाले. अपरिग्रहाचा आठवडा चालू असताना पदके साठवणारी मी एकटीच नव्हते, एवढेच स्वतःच्या बचावासाठी म्हणता येईल.

तक्रारीचा प्रसंग तेराव्या आठवड्यातला आहे. वर्ग बारा आठवड्यांचा असला तरी नोंदणी आपोआप पुढे चालू राहते आणि पुढच्या सत्राचे शुल्क परस्पर वळते होते, हे मला खात्यातून पैसे गेल्यावर समजले. अट लिहिलेली होती; ती कोठे आणि किती बारीक अक्षरांत होती ते सांगण्यात अर्थ नाही, कारण बारीक अक्षरे वाचणे हाच माझा व्यवसाय आहे आणि मी ती वाचली नव्हती. मी त्यांच्या मदतकेंद्राला फोन केला आणि चाळीस मिनिटे प्रतीक्षेत राहिले. बासरीची तीच ती धून, मध्ये मध्ये ‘तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य, पुन्हा बासरी.

साहजिकच मी त्यांनीच शिकवलेले त्यांच्यावर वापरून पाहिले. फोन इतका घट्ट धरला होता, की बोटांची पेरे पांढरी पडली होती. तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. दोन्ही पावले जमिनीला टेकवली, डाव्या अंगठ्यासकट. श्वास सोडणे लांबवले. राग कमी झाला का? नाही झाला, आणि तो कमी व्हावा असे मला वाटतही नव्हते, कारण तो रास्त होता. झाले ते इतकेच, की शेवटी पलीकडे माणूस आला तेव्हा मी आवाज न चढवता तीन वाक्यांत माझे म्हणणे सांगू शकले आणि त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यावर, ज्याचा या धोरणाशी काही संबंध नव्हता, आगपाखड केली नाही. त्याने नम्रपणे नकार दिला. पैसे परत मिळाले ते मी दुसऱ्या दिवशी तारखा, व्यवहार क्रमांक आणि अटींचे कलम घालून लिहिलेल्या तक्रारीमुळे. श्वासाने फोन नीट झाला आणि कागदाने पैसे आले. या दोन कामांची गल्लत करणारी माणसे मला रविवारच्या बैठकीत बरीच भेटली होती. गीतेत ‘समत्वं योग उच्यते’ असे ज्या अध्यायात म्हटले आहे, त्याच अध्यायात दोनच श्लोकांनंतर ‘योगः कर्मसु कौशलम्’ येते. बैठकीत पहिले वचन दर आठवड्याला ऐकायला मिळे; दुसरे बारा आठवड्यांत एकदाही कानावर आले नाही.

आता हा वर्ग कोणी घ्यावा, याविषयी. ज्यांना आसने मुळीच येत नाहीत आणि सांधे धड आहेत, त्यांना सकाळचे तास निश्चितच लाभदायक ठरतील. शिक्षिकांची तयारी, संयम आणि संदर्भांची स्वच्छता यांना मी पाचांपैकी पाच गुण देईन. बैठ्या कामाची माणसे, विशेषतः ज्यांना आपण दिवसभर जबडा आवळून बसतो हे दुसऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही, त्यांनी रोजनिशी शिक्षिकांच्या चार प्रश्नांच्या पद्धतीने लिहून पाहावी. त्यासाठी ॲपचीही गरज नाही, साधी वही पुरते. खंड पडला तर वही कोणाचे पदक काढून घेत नाही. जे दुःखात आहेत, घरात मोठे आजारपण आहे किंवा नुकतेच कोणी गेले आहे, त्यांनी रविवारच्या बैठकीपासून दूर राहावे. तेथे माणसाचे ऐकून घेण्याआधी त्याचा अर्थ लावला जातो. आणि नोंदणी करताना मुदतवाढीची अट आधी बंद करून घ्यावी, हे सर्वांसाठीच.

मी स्वतः पुन्हा नाव नोंदवणार का, असे ओळखीच्या दोघींनी विचारले. सकाळच्या तासांपुरते मी आज नोंदवीन. तसा वेगळा पर्याय द्यावा, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे आणि महिना झाला तरी उत्तर आलेले नाही. तोवर मी घरीच उभी राहते, मोजे उभ्याने घालते, आणि परवा नवी चप्पल घेतली तिची डावी टाच दर आठवड्याला उलटी करून पाहते.